पाव्हण्याचा वाटा

मुंबईचा तो माणूस पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आला, तेव्हा आमच्या मालकांनी त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. आमच्याकडे सोयरीक जमली की पाव्हण्याला असाच आहेर करतात. त्याने टोपी घातली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि हसला. लेकीने फोनवर फोटो काढला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. त्या दिवसापासून मालकांच्या लेखी तो सोयरा झाला. सोयरा म्हणजे अडचणीच्या वेळी उठून न जाणारा माणूस. पुढे जे झालं त्यात कोणी कोणाला फसवलं असं मला वाटत नाही. मालक त्याला सोयरा धरून चालले आणि तो होता पैसे लावणारा. एवढा फरक कळायला आम्हाला काही वर्षं लागली.

मी चौथी शिकले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे शब्द आत राहतात. लिहिताना तसं होत नाही. हे कोणाला दाखवायचं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आमचं गाव वाटूरपासून जवळ. कापूस आणि सोयाबीन होतंच, पण एका तुकड्यात आम्ही तुती लावली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला लागलो. हे काम मला आवडलं. शेडमध्ये बसून पाला टाकायचा, अळ्या खातात तेव्हा बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, कोणाशी बोलावं लागत नाही. अडचण असते ती शेवटी. कोष तयार झाले की थोड्याच दिवसांत विकावे लागतात. ठेवून दिले तर आतलं पाखरू कोष फोडून बाहेर येतं, आणि फुटक्या कोषाचा धागा निघत नाही. त्यामुळे जालन्याच्या बाजारात त्या दिवशी जो भाव असेल तो घ्यायचा. पूर्वी तर मालक गाडी करून कर्नाटकात रामनगरला जायचे. तिथून इतक्या लांब माल परत आणता येत नाही हे व्यापाऱ्याला माहीत असायचं.

लेक हे लहानपणापासून पाहत आली. ती संभाजीनगरला इंजिनीयर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि मग नोकरी सोडून एका वर्गमैत्रिणीबरोबर तिने कंपनी काढली. आमच्या रस्त्याकडच्या शेतात एक मोठं शेड उभं केलं आणि त्यात कोष सुकवायचं यंत्र बसवलं. ती त्याला ड्रायर म्हणते, आम्ही भट्टी म्हणतो. गरम हवेत आतली अळी मरते, कोष वाळतो आणि मग महिनोन्‌महिने टिकतो. कंपनी बायकांकडून ओले कोष विकत घ्यायची, सुकवायची, आणि भाव चांगला आला की धागा काढणाऱ्यांना विकायची. घाई नाही म्हणून भाव बरा मिळायचा, आणि त्यातला काही आमच्यापर्यंत यायचा.

पण भट्टी चालायला माल लागतो. गावात तुती लावणारी आमच्यासारखी दोन-तीनच घरं होती. लेक म्हणाली, "माय, तू सांग ना बायांना. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील."

मी आयुष्यात पहिल्यांदा घरोघर गेले. दारात उभी राहायचे, पदर सारखा करायचे आणि एकच सांगायचे, की तुती लावा, कोष इथंच घेतले जातील, कुठं न्यायचं काम नाही. माझी धाकटी जाऊ तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगून राह्यल्या म्हणून लावते. वर्षात एकदा तोंड उघडता, ते खोटं बोलायला थोडंच उघडसाल?" बाकीच्या बायका हसल्या. वर्षभरात आमच्या शिवारात ठिकठिकाणी तुती दिसू लागली. एक बाई विधवा आहे, आमच्या गल्लीतलीच. तिने एका तुकड्यातली मोसंबीची बाग मोडून तुती लावली. मी तिला बाग मोडायला सांगितलं नव्हतं. पण शब्द माझाच होता.

मुंबईचा माणूस याच सुमाराला लेकीच्या कंपनीत पैसे लावायला आला. तो काय करतो हे लेकीने मला तुतीचा पाला कापता कापता सांगितलं. तो स्वतःचे पैसे लावत नाही. मोठमोठ्या लोकांचे पैसे गोळा करतो, नव्या कंपन्यांमध्ये लावतो आणि बदल्यात कंपनीचा हिस्सा घेतो. काही वर्षांनी कंपनी मोठी झाली की तो हिस्सा विकतो आणि ज्यांचे पैसे त्यांना नफ्यासकट परत देतो.

"विकतो कोणाला?" मी विचारलं.

"एक तर दुसऱ्या मोठ्या कंपनीला. न्हाई तर कंपनी शेअर बाजारात येते, मंग कोणीबी घेऊ शकतं."

"म्हणजे तो जाणारच आहे."

"जाणार, पण नफा घेऊन जाणार, माय. तेव्हा आपलंबी भलंच झालेलं असंल."

मला ते पटलं. मालकांना मात्र मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, टॉवेल-टोपी होऊन गेली होती.

मग बाजार चढला. आमच्या घरात कोणाकडे एक शेअर नव्हता, पण मालक रोज फोनवर शेअर बाजाराच्या बातम्या लावून बसायचे. पारावरची माणसं त्यांना चिडवायची, "काय पाटील, आज कापूस पाह्यला का बाजार?" मालक म्हणायचे, "दोन्ही तेजीत हायेत." कापूस तेजीत नव्हता, पण ते तसंच म्हणायचे. त्याच दिवसांत शेतकऱ्यांकडून भाजीपाला घेणारी एक मोठी कंपनी शेअर बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी तिचा भाव भरपूर वर गेला. लगेच लेकीला फोन यायला लागले. ज्या लोकांनी आधी तिचा फोन उचलला नव्हता, ते आता तिला जेवायला बोलवत होते. तिचं काम तेच होतं, कोषही तेच होते. पण त्या भाजीपाल्याच्या कंपनीमुळे सगळ्यांना वाटलं की शेतीमालाच्या कंपन्यांना आता बाजारात मोठा भाव मिळतो, तर हिच्यात आत्ताच पैसे टाकून ठेवावे.

लेकीने आणखी पैसे घेतले आणि कुंभार पिंपळगावकडे दुसरी भट्टी टाकली. आम्ही राजूरला गणपतीला जाऊन आलो. गाडीत मालक म्हणाले, "पुढच्या साली आपली कंपनीबी बाजारात येती बघ." लेक हसली, पण नाही म्हणाली नाही.

तेव्हाच कर्नाटकातल्या एका मोठ्या धाग्याच्या कंपनीने विचारलं होतं, की तुमची कंपनी आम्हाला विकता का. भावही चांगला देत होते, आणि दोन्ही भट्ट्या चालू ठेवणार होते. मुंबईचा माणूस म्हणाला, आत्ता विकलं तर घाई होईल, बाजार वर चाललाय, अजून थांबू. लेकीलाही थांबावंसं वाटलं. त्या चढत्या दिवसांत सगळ्यांनाच थांबावंसं वाटत होतं.

बाजार उतरला तो एकदम नाही उतरला. आधी मालकांच्या फोनवरचे आकडे लाल दिसायला लागले. मग त्या भाजीपाल्याच्या कंपनीचा भाव घसरत घसरत, लोकांनी सुरुवातीला ज्या भावाने घेतला होता त्याच्याही खाली गेला. तिच्यामागे बाजारात यायला निघालेल्या कंपन्यांनी आपलं येणं पुढे ढकललं. आणि लेकीला जे पुढचे पैसे मिळायचे ठरले होते, ते देणारे म्हणाले, थोडं थांबा. ते थोडं काही संपेना. ती घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी भाकरी टाकत होते, ती चुलीजवळ बसली.

मी विचारलं, "तुझी कंपनी तर बाजारात न्हाईच. मंग बाजार पडला तर तुला काहून झळ लागली?"

तिने जरा विचार केला. "माय, धाग्याचा भाव बंगलोरात पडला की जालन्यात काय होतं?"

"व्यापारी कोष कमी भावानं मागतो."

"तुझे कोष खराब झालेले असतात का?"

"बिलकुल न्हाई. तो पुढचा भाव पाहून मागचा ठरवितो."

"तसंच हे. शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे शेअर बाजार. तिथं भाव पडला की त्याच्या आधी पैसे लावणारा म्हणतो, मला पुढं कमी मिळणार, मंग मी तुला कमी देणार. त्याच्या आधीचा म्हणतो, मी देतच न्हाई. असं होत होत ते माझ्यापर्यंत आलंय."

"मंग थांब. भाव येईल परत."

"मी थांबले असते. कंपनीकडं थोडे दिवस पुरतील एवढे पैसे हायेत. पण त्यो मुंबईवाला थांबू शकत न्हाई. त्यानं ज्यांचे पैसे घेतलेत, त्यांना ते ठरल्या सालात परत करायचेत. त्याचं साल भरत आलंय."

भाकरी करपली. मी ती उलटली आणि बाजूला ठेवली. भट्टी माल थांबवून ठेवायला असते ते आम्हाला माहीत होतं. त्या माणसाच्या हिश्शाला अशी कुठली भट्टी नव्हती.

तो दुसऱ्यांदा आला तो याच कामासाठी. आधी शेडमध्ये जाऊन आला, मग घरी येऊन खाटेवर बसला. मालकांनी पाणी दिलं, चहा सांगितला. लेक आणि तिची मैत्रीण सतरंजीवर बसल्या. कर्नाटकवाली तीच कंपनी पुन्हा घ्यायला तयार होती, पण भाव आता निम्म्याच्याही खाली. आणि भट्ट्या नको होत्या. त्यांना लेकीने जोडलेले धागेवाले हवे होते, कामाची रीत हवी होती, आणि लेक स्वतः बंगलोरला नोकरीला हवी होती. गावात कोष घेणं बंद.

मालक म्हणाले, "पाव्हणे, मागच्या टायमाला तर ते आमची भट्टी चालू ठेवणार व्हते."

"हो काका. तेव्हा बाजार वेगळा होता."

"भट्टी तर तीच हाय."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, यांनी विकलं नाही तर सहा-आठ महिन्यांत पगार द्यायला पैसे राहणार नाहीत. मी आणखी टाकू शकत नाही. खरंच नाही."

"आन् जे पैसे येतील, त्यात पोरींना काय?"

तो लेकीकडे पाहायला लागला. तिनेच सांगितलं. करारात असं होतं की कंपनी विकली तर आधी पैसे लावणाऱ्यांचे पैसे निघतील, मग उरलेलं वाटलं जाईल. भाव चांगला असता तर सगळ्यांना पुरून उरलं असतं. आता उरणार फार थोडं.

मालकांनी मान हलवली. "बटाईसारखं झालं. आधी बी-खताचा खर्चा काढायचा, मंग वाटा. पण पाव्हणे, बटाईदाराचं पीक बुडालं तर शेतवाला वसुलीला त्याच्या दारात बसत न्हाई. आन् तुम्हाला तर आम्ही आहेर केल्ता. सोयरा म्हणून केल्ता."

त्या माणसाचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "काका, तो टॉवेल अजून माझ्या घरी आहे. पण माझ्यामागेही माणसं आहेत. त्यात पेन्शनवाले आहेत. त्यांना मी काय सांगू?"

पेन्शनवाल्यांचं मालकांना पटलं असावं, कारण त्यानंतर ते त्याच्यावर चिडले नाहीत. फक्त पाव्हणे म्हणायचं सोडून साहेब म्हणायला लागले.

मी दारात उभी होते. माझ्या डोक्यात कंपनी नव्हती, बाजार नव्हता. ती मोसंबीची बाग मोडलेली बाई होती, जाऊ होती, ज्या दारांत मी उभी राहिले ती दारं होती. पुढच्या बॅचचे कोष त्या कुठं नेणार? मी म्हणाले, "भट्टी न्यायची हाय का त्यांना?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. माझा आवाज निघाला याचंच त्यांना नवल वाटलं असेल.

"नाही मावशी," तो म्हणाला. "त्यांना ती नकोच आहे. भंगारात द्यायची."

"मंग इथं राहू द्या."

त्याने लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "माय, राहिली तरी मला चालवता येणार न्हाई. तीन वर्षं कोष विकत घ्यायचे न्हाईत असं मला लिहून द्यावं लागतंय."

"तू कशाला घेती? ज्याचे कोष त्यानं वाळवायचे, ज्यानं त्यानं विकायचे. भट्टीचं भाडं द्यायचं, बस."

तो माणूस बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत येऊन म्हणाला की वाळवून द्यायला त्यांची हरकत नसावी, पण तो त्यांच्याकडून तसं लेखी घेईल, आणि भट्टी भंगाराच्या भावाने मालकांच्या नावावर करून देईल. दुसरी, कुंभार पिंपळगावकडची, जागा दुसऱ्याची असल्याने मोडावी लागेल. तिकडच्या बायकांना मी ओळखत नव्हते. लेक ओळखत होती. ती खाली पाहत राहिली.

त्याने शब्द पाळला. कागद झाले, भट्टी राहिली, लेक बंगलोरला गेली.

बायकांना सांगायचं काम मालक करतो म्हणाले, पण तुती लावायला मी सांगितलं होतं. शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. मी सांगितलं की कंपनी आता कोष घेणार नाही. भट्टी आहे. वाळवा, आणि धागेवाल्याला स्वतः विका, नाही तर ओलेच जालन्याला न्या.

एक जण म्हणाली, "आमचे कोष इकत कोण घेईल? भाव कोण करील?"

दुसरी म्हणाली, "तेव्हा तर म्हणल्या व्हत्या, कुठं न्यायचं काम न्हाई."

"म्हणले व्हते," मी म्हणाले. "आता तसं राह्यलं न्हाई."

"काहून?"

मला काहून ते माहीत होतं. लेकीने चुलीजवळ सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. पण शेअर बाजार, मुंबई, पेन्शनवाले हे त्या शेडमध्ये सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता. मी म्हणाले, "जिथं माल जायचा तिथं भाव पडला." तेवढं सगळ्यांना कळलं. भाव पडणं आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जाऊ उठली. "भाव मी करीन. बाईचं तोंड आत्ता उघडलंय तेवढं पुरे, बाकीचं माझ्याकडं हायच." हशा झाला. ती मग खरंच जालन्याला एका धागा काढणाऱ्याकडे गेली, वाळलेल्या कोषांचा नमुना घेऊन. पहिल्या खेपेला तो म्हणाला, एवढ्या थोड्या मालाचं काय करू. दुसऱ्या खेपेला तिने चार घरांचा माल एकत्र नेला. त्याने घेतला. कंपनीएवढा भाव नाही मिळाला, पण बाजारातल्या ओल्या कोषापेक्षा बरा मिळाला.

सगळ्या राहिल्या नाहीत. निम्म्याहून जास्त बायकांनी तुती काढून टाकली आणि सोयाबीन पेरलं. त्यांचं हिशोबाने बरोबरच होतं. घरी पैसे लागतात तेव्हा धागेवाला कधी घेईल याची वाट पाहणं सगळ्यांनाच जमण्यासारखं नाही. वाट पाहायलाही घरात काही असावं लागतं.

लेक दर रविवारी फोन करते. परवा म्हणाली की बाजार परत वर चाललाय, नव्या कंपन्या यायला लागल्यात, जुन्या ओळखीच्या एका माणसाने विचारलं, परत काही काढणार का. मी विचारलं, तू काय म्हणालीस. ती म्हणाली, "म्हणले, लिहून दिलेली वर्षं संपू दे. आन् ह्या टायमाला बाजार वर असताना विकीन." मग जरा थांबून म्हणाली, "तसं सगळेच म्हणतात, माय."

बाग मोडलेली बाई माझ्याशी बोलत नव्हती. तिने तुती काढली नाही, पण कोष ओलेच जालन्याला न्यायची, भट्टीकडे यायची नाही. रस्त्यात भेटली तर मान फिरवायची. एकदा मी थांबून म्हणाले, "माझ्यावर राग हाय का?"

ती म्हणाली, "तुमच्या पोरीला नोकरी लागली. मोसंबी लागायला मला पाच वर्षं लागली व्हती."

मी हो म्हणाले. दिलेला शब्द खोटा नव्हता, आणि तो पुरा करणं माझ्या हातात नव्हतं, हे दोन्ही तिला सांगून तिची बाग परत येणार नव्हती.

मागच्या बॅचला जालन्यात भाव खूप पडला. दुपारी तिचा भाचा मोटारसायकलवर तिचे कोष गोण्यांत घालून शेडवर घेऊन आला. ती स्वतः आली नव्हती. गोण्या उतरवून तो म्हणाला, "मावशीनं सांगितलंय, भाडं बाकीच्यांसारखंच घ्या, कमी घेऊ नका."

मी बाकीच्यांसारखंच घेतलं.